नजर मागावरच होती

आज सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात चादर विणणाऱ्या माणसाला सगळ्यांदेखत ऐकावं लागलं, "डोळे फुटले का रे तुझे?" ताण्याचा, म्हणजे उभा, एक धागा तुटला, कापडात वीतभर रेघ उतरली, त्याला कळलं नाही. "मालक, नजर मागावरच होती," एवढंच तो म्हणाला. सगळे हसले. तळपायाची आग मस्तकात जाते असलं काही बघून, कारण तो खरं बोलत होता!

हात लांब करून अंगठा धरा. त्या नखाएवढ्याच जागेत बारीक धागा स्वच्छ दिसतो, कडेचं सगळं पुसट. म्हणून नजर सेकंदाला तीन-चार उड्या मारते, आणि उडी चालू असताना मेंदू दिसणं जवळपास दाबून टाकतो. आरशात स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्या. बुबुळं हललेली तुम्हाला दिसणार नाहीत, शेजारी उभ्या माणसाला दिसतील.

आता लक्ष. नजर उडी घेण्याआधीच ते त्या जागी पोचलेलं असतं. उलट नजर जागेवर ठेवूनही लक्ष दुसरीकडे सरकतं, हे मानसशास्त्रज्ञ पोस्नरनं १९८० मध्ये दाखवलं. व्हिडिओत चेंडूचे पास मोजताना मधून जाणारा गोरिलाच्या वेशातला माणूस न दिसण्याचा प्रयोग तुम्ही ऐकला असेल, १९९९चा. पुढे २००६ मध्ये मेमर्ट या संशोधकानं तो व्हिडिओ बघणाऱ्या मुलांची नजर मोजली. ज्यांना गोरिला 'दिसला नाही', त्यांचीही नजर त्याच्यावर सरासरी सेकंदभर होती, दिसलेल्यांइतकीच!

मग त्या विणकराचं काय चुकलं? शेजारच्या मागाची कांडी, म्हणजे आडव्या धाग्याची गुंडाळी, संपत आली होती, लक्ष तिकडे. डोळे इकडे. चार माग एका माणसाच्या गळ्यात घालायचे, वर एक पिवळा दिवा, आणि गडद कापडावर गडद धागा शोध म्हणायचं?

हां, काहीजण मोबाइल बघत बसतात, मान्य. हा बसला नव्हता.

मालकही वाईट माणूस नाही, माल परत आला की त्याचंच नुकसान. पण उपाय ओरडण्यात नाही. उजेड कडेनं तिरका सोडा, तुटलेली जागा सावलीनं उठून दिसते. एकटक बघायला सांगू नका. काठापासून काठापर्यंत टप्प्याटप्प्यानं नजर थांबवत न्यायला शिकवा, ठरावीक वेळानं. आणि धागा तुटला की आपोआप थांबणारा माग घ्या.

आज त्याच्या मजुरीतून चादरीचे पैसे कापले. ते उद्या परत द्या.