व्हीएचे कार्ड म्हणजे आरोग्य विमा नव्हे

अमेरिकेतील माजी सैनिकांमध्ये आणि त्यांच्या कुटुंबीयांमध्ये एक संदेश सतत फिरत असतो. त्याचा आशय असा : ‘ज्याच्याकडे व्हेटरन्स अफेअर्स या माजी सैनिकांसाठीच्या सरकारी खात्याचे, म्हणजे व्हीएचे, कार्ड आहे त्याने ६५ व्या वर्षी मेडिकेअरच्या पार्ट बीवर किंवा खासगी विम्यावर पैसे घालवू नयेत. व्हीए सगळे करते. पार्ट बी पुढे केव्हाही घेता येतो. दुसरा विमा दाखवला तर व्हीए सवलत काढून घेते, आणि अचानक काही झाले तर जवळच्या रुग्णालयाचे बिलही व्हीएच भरते.’ मेडिकेअर ही मुख्यतः ६५ वर्षांपुढच्यांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना; तिचा पार्ट ए रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च पाहतो, तर पार्ट बी डॉक्टरांची फी आणि दाखल न होता घेतलेले उपचार. मी ज्येष्ठांना मेडिकेअरचे कागद समजावून देण्याचे काम स्वयंसेवक म्हणून करते. हा संदेश वाचून निर्णय घेतलेली माणसे माझ्यासमोर येऊन बसतात, म्हणून त्यातील प्रत्येक विधानाला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान असे की व्हीए असताना दुसरा विमा म्हणजे एकाच गोष्टीसाठी दोनदा पैसे भरणे. हा गैरसमज बाकी सगळ्या गैरसमजांचे मूळ आहे. विमा कंपनी तुम्ही निवडलेल्या डॉक्टरचे बिल भरते. व्हीए ही मुळात स्वतःची रुग्णालये आणि दवाखाने चालवणारी यंत्रणा आहे. बाहेरच्या डॉक्टरकडे जायचे तर, तातडीचे काही प्रसंग वगळता, तिची पूर्वमंजुरी लागते. २०१८ च्या मिशन कायद्याने ही वाट बरीच रुंद केली हे खरे : नेहमीच्या डॉक्टरसाठी सरासरी ३० मिनिटांपेक्षा आणि तज्ज्ञासाठी ६० मिनिटांपेक्षा जास्त गाडी चालवावी लागत असेल, किंवा भेटीसाठी अनुक्रमे २० आणि २८ दिवसांहून अधिक थांबावे लागत असेल, तर बाहेर उपचार मागता येतात. पण मंजुरीची अट तशीच आहे. मेडिकेअर आणि व्हीए एकमेकांची बिले भरत नाहीत. व्हीएच्या दवाखान्यात झालेल्या उपचाराचे पैसे मेडिकेअर देत नाही, आणि मेडिकेअरवर बाहेर घेतलेल्या उपचारातला तुमचा वाटा व्हीए उचलत नाही. ही दोन वेगळी दारे आहेत, आणि त्यांपैकी एक बंद करून घ्यायचे की नाही एवढाच प्रश्न ६५ व्या वर्षी समोर असतो.

शिवाय व्हीएच्या दारातून सर्वांना सारखा प्रवेश नसतो. नोंदणी झालेल्यांचे १ ते ८ असे प्राधान्य गट आहेत. लष्करी सेवेमुळे आलेले अपंगत्व ५० टक्के किंवा अधिक असेल तर माणूस पहिल्या गटात येतो. असे अपंगत्व नसलेला आणि उत्पन्न जास्त असलेला शेवटच्या गटात. जानेवारी २००३ मध्ये या शेवटच्या गटातील जास्त उत्पन्नाच्या नव्या अर्जदारांची नोंदणी थांबवण्यात आली होती. आधी नोंदलेल्यांना त्याची झळ बसली नाही, परंतु अमेरिकेची संसद दरवर्षी जो निधी मंजूर करते त्यावर चालणाऱ्या व्यवस्थेत असा निर्णय होऊ शकतो, हे खालच्या गटांतील माणसाने विसरू नये.

‘पार्ट बी पुढे केव्हाही घेता येतो’ या विधानाने सर्वांत जास्त नुकसान केले आहे. गेल्या वर्षी एक ६८ वर्षांचे गृहस्थ निळी फाइल घेऊन आले. पेन्शनची पत्रे, जुन्या लष्करी सेवेचा दाखला, औषधांच्या याद्या, सगळे तारखेनुसार लावलेले. ६५ पूर्ण होण्याआधीच ते सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन, घेत असल्यामुळे मेडिकेअरचे लाल-पांढरे-निळे कार्ड त्यांना आपोआप घरी आले होते. पार्ट बी नको असल्यास तसे कळवून ते कार्ड परत पाठवता येते. त्यांनी पाठवले, आणि आपण केवढे शहाणपणाचे काम केले म्हणून त्या पत्राची प्रतही जपून ठेवली. आता त्यांना घराजवळच्या हृदयरोगतज्ज्ञाकडे जायचे होते.

मी त्यांना कागदावर हिशेब मांडून दाखवला. पार्ट बी न घेता गेलेल्या प्रत्येक पूर्ण १२ महिन्यांमागे हप्त्यात १० टक्के दंड चढतो, आणि पार्ट बी असेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, तो भरावा लागतो. २०२५ मध्ये नेहमीचा हप्ता महिना १८५ डॉलर होता. तीन वर्षांच्या उशिराचे ३० टक्के धरले की त्यात ५५.५० डॉलरची भर पडून तो २४०.५० डॉलर होतो. मूळ हप्ता वाढेल तसा दंडही वाढतो. अर्ज करण्याची मुदत १ जानेवारी ते ३१ मार्च एवढीच, आणि लाभ अर्जानंतरच्या महिन्यापासून. ‘पण माझ्याकडे व्हीए होते ना?’ असे त्यांनी दोनदा विचारले. स्वतःच्या किंवा पती-पत्नीच्या चालू नोकरीतून मिळणारा गटविमा असेल आणि मालकाकडे किमान २० कर्मचारी असतील, तर दंडाशिवाय थांबता येते. व्हीएची नोंदणी या सवलतीसाठी धरली जात नाही.

दंडापेक्षा मोठी गोष्ट मात्र त्या संदेशात येतच नाही. मेडिकेअरनंतर उरणारा खर्च भागवणारी खासगी पूरक पॉलिसी, जिला मेडिगॅप म्हणतात, घेण्यासाठी एक सहा महिन्यांची मुदत असते. वय ६५ झालेले असून पार्ट बी सुरू झाला की ती सुरू होते, आणि तेवढ्या काळात कंपनीला तुमच्या आजारांवरून पॉलिसी नाकारता येत नाही किंवा हप्ता वाढवता येत नाही. ती उलटल्यावर बहुतेक राज्यांत कंपनी तब्येतीची चौकशी करून नकार देऊ शकते. म्हणून पूरक विमा हवा की नको याचा विचार याच सहा महिन्यांत झाला पाहिजे. व्हीएवर समाधानी असलेल्याने मेडिगॅप घेतलाच पाहिजे, असे माझे म्हणणे नाही. पण पार्ट बीविषयीचे माझे मत ठाम आहे : हप्ता परवडत असेल तर तो वेळेवर घ्यावा. परवडत नसेल तर कार्ड परत करण्यापूर्वी राज्याच्या मेडिकेअर सेव्हिंग्ज योजनेत आपण बसतो का ते पाहावे. अल्प उत्पन्न असलेल्यांचा हप्ता ती योजना भरते.

‘व्हीए सगळे करते’ हे औषधांच्या बाबतीत बरेचसे खरे आहे, आणि ते मान्य केलेच पाहिजे. औषधांसाठीचा पार्ट डी व्हीएवाल्याने लांबणीवर टाकला तरी दंड बसत नाही, कारण व्हीएची औषध सुविधा त्या तोडीची धरली जाते. व्हीएची औषधे स्वस्तही पडतात. मात्र व्हीएच्या औषधालयात साधारणपणे व्हीएच्या किंवा व्हीएने मंजूर केलेल्या डॉक्टरची चिठ्ठीच चालते. दोन्ही दारे वापरणाऱ्याने दोन्हीकडच्या गोळ्यांची एकच यादी खिशात ठेवावी आणि दोन्ही डॉक्टरांना ती दाखवावी.

दुसरा विमा दाखवला की व्हीए सवलत काढून घेते, हे साफ चुकीचे आहे. खासगी विमा असण्या-नसण्याचा पात्रतेवर किंवा प्राधान्य गटावर परिणाम होत नाही. सेवेशी संबंध नसलेल्या आजाराच्या उपचाराचे बिल व्हीए त्या खासगी कंपनीला पाठवते; कंपनीने पूर्ण रक्कम दिली नाही तर उरलेली तुमच्याकडून वसूल होत नाही, तुम्हाला फक्त व्हीएचा ठरलेला को-पे, म्हणजे रुग्णाने भरायचा वाटा, लागू असेल तर तो भरावा लागतो, आणि कंपनीकडून आलेल्या पैशांतून तोही कमी होऊ शकतो. त्यामुळे विमा लपवण्यात काहीच हशील नाही.

तातडीच्या उपचारांबद्दल तर अर्धवट माहिती जिवावर आणि खिशावर दोन्हीकडे येते. छातीत कळ आली तर जवळचेच रुग्णालय गाठावे, यात शंका नको. परंतु बाहेरच्या रुग्णालयात गेल्यापासून ७२ तासांच्या आत व्हीएला कळवावे लागते. आजार सेवेशी संबंधित नसेल तर मागील २४ महिन्यांत व्हीएकडे उपचार घेतलेले असावे लागतात. प्रकृती धोक्याबाहेर येऊन व्हीएच्या रुग्णालयात हलवता येण्यासारखी झाली की त्यापुढची जबाबदारी व्हीए सहसा घेत नाही. तब्येत ठणठणीत म्हणून तीन वर्षे व्हीएकडे न फिरकलेला माणूस नेमका इथे अडतो. बहुतेकांना मोफत मिळणारा पार्ट ए तेव्हा कामी येईल असे त्याला वाटते, पण रुग्णवाहिका, डॉक्टरांची फी आणि नुसते निरीक्षणाखाली ठेवलेली रात्र हे सगळे पार्ट बीमध्ये मोडते.

पती-पत्नींच्या बाबतीत संदेश गप्प आहे. व्हीएचे कार्ड सैनिकाचे असते, घराचे नसते. सेवेमुळे कायमचे पूर्ण अपंगत्व आलेल्या किंवा त्यामुळे मृत्यू पावलेल्या सैनिकाच्या जोडीदारासाठी चॅम्पव्हीए ही वेगळी योजना आहे, आणि मेडिकेअरला पात्र झालेल्या जोडीदाराला तिचा लाभ चालू ठेवण्यासाठी सहसा पार्ट बी लागतो. लष्करातून रीतसर निवृत्त झालेल्यांच्या, बहुधा २० वर्षे सेवा केलेल्यांच्या, ट्रायकेअर फॉर लाइफ या आरोग्य योजनेचेही तसेच : पार्ट बी नसेल तर ती मिळत नाही, आणि असेल तर वेगळ्या मेडिगॅपची गरज क्वचितच उरते. त्या गृहस्थांच्या पत्नी पुढच्या मे महिन्यात ६५ च्या होतील. त्यांच्या नोंदणीची सात महिन्यांची मुदत फेब्रुवारीत सुरू होते, आणि ती तारीख आम्ही त्याच निळ्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली.