शंभर ग्रॅमला तीन हजार : लूट कुठे आहे, कुठे नाही

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या छंदवाल्यांमध्ये एक मजकूर सारखा फिरतोय. मॉडेल इंजिनं करणारे, आरसी (रिमोट कंट्रोलची) विमानं उडवणारे, फाउंटन पेनवाले, सगळ्यांकडे तोच. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं : परदेशी दुकानदार शंभर ग्रॅमच्या वस्तूला तीन हजार रुपये शिपिंग लावतात, ही निव्वळ लूट आहे. चीनमधून फुकट येत होतं, म्हणजे खरा खर्च काहीच नसतो. पाकिटावर ‘गिफ्ट’ लिहायला सांगा, पाच हजारांपर्यंत कस्टम लागत नाही. नाहीतर बिल कमी दाखवायला सांगा. कुरिअर टाळा, पोस्टानेच मागवा. पत्ता कोल्हापूर-पुण्याचा द्या. दहा जणांनी मिळून मागवा, शिपिंग एकदाच पडतं. आणि आपल्याकडे यातलं काहीच मिळत नाही, म्हणून त्यांचं फावतं.

पोस्टाचा मुद्दा बराचसा बरोबर आहे, एकत्र मागवण्याचा अर्धा. बाकीचं ऐकलं तर पैसे वाचायचे राहतात आणि पार्सल अडकतं.

‘शंभर ग्रॅमला तीन हजार ही लूट’

वस्तू शंभर ग्रॅमची असेल, पण कुरिअरवाला पैसे खोक्याचे घेतो, आणि खोकं दोनदा मोजतो. एकदा काट्यावर, एकदा टेपने. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि ५००० ने भागायचं, की किलोमध्ये व्हॉल्युमेट्रिक वजन मिळतं. दोन्हींत जे जास्त ते धरतात आणि पुढच्या अर्ध्या किलोपर्यंत नेतात.

३० × २० × १५ सेंमीच्या खोक्याचा हिशेब करा. ९००० भागिले ५००० म्हणजे १.८ किलो, बिल २ किलोचं. आत माल ३५० ग्रॅम असला तरी तेच. तोच माल २० × १५ × ८ च्या खोक्यात बसवला तर ०.४८ किलो, बिल अर्ध्या किलोचं. आरसी विमानाच्या पंखाचं एक मीटर लांब खोकं १०० × १५ × १० असेल तर ते सरळ ३ किलोत जातं, आत बाल्साच्या हलक्या फळ्या का असेनात.

म्हणून दुकानदाराला ‘शिपिंग कमी करा’ म्हणून उपयोग नाही. ‘बाहेरच्या खोक्याचं माप किती?’ हे विचारा. कंपनीचं शोभेचं खोकं आणि प्लास्टिकचा साचा काढून, बबल रॅपमध्ये गुंडाळून लहान खोक्यात भरायला सांगा. लहान दुकानवाले हे आनंदाने करतात. मोठ्या गोदामातून माल निघत असेल तर करत नाहीत, तिथे खोक्याची मापं ठरलेली असतात.

दुसरं कारण म्हणजे पहिल्या अर्ध्या किलोवरच सगळा ठरीव खर्च बसतो. माल उचलणं, निर्यातीचे कागद, एक्स-रे तपासणी, इकडे आल्यावर क्लिअरन्स, मग दारापर्यंत गाडी. यातलं बहुतेक शंभर ग्रॅमलाही लागतं आणि दोन किलोलाही. शिवाय इंधन अधिभार असतो, तो वरचेवर बदलतो. छोट्या ऑर्डरला शिपिंग महाग वाटतं ते यामुळे.

तरी काही दुकानदार शिपिंगमध्ये नफा घालतात, हेही खरं. ते ओळखणं सोपं आहे. त्याच कुरिअर कंपनीच्या साइटवर तेच माप, तेच वजन आणि आपला पिन टाकून किरकोळ दर बघा. दुकानांना साधारण किरकोळ दरापेक्षा स्वस्त पडतं, कारण ते रोज माल देतात. दुकानाचा आकडा किरकोळ दराच्याही बराच वर असेल, तर खुशाल लूट म्हणा.

खरी गळती मात्र वेगळ्याच ठिकाणी होते आणि तिच्याबद्दल त्या मजकुरात अक्षर नाही. ब्रिटनमध्ये किमतीत २० टक्के व्हॅट धरलेला असतो, जर्मनीत १९. माल देशाबाहेर जाणार असेल तर तो लागत नाही. ३० पौंडांची वस्तू भारतासाठी २५ पौंडांना पडायला हवी. बऱ्याच साइटवर पत्त्यात देश निवडला की किंमत आपोआप उतरते. उतरली नाही तर ईमेल करून विचारा. ब्रिटनमधलं अगदी छोटं दुकान असेल, ज्याची उलाढाल ९०,००० पौंडांच्या आत आहे, तर ते व्हॅट नोंदणीतच नसू शकतं. मग वजा करायला काही नसतं.

‘चीनमधून फुकट येत होतं’

फुकट येत नव्हतं, पैसे दुसरं कोणीतरी भरत होतं. आंतरराष्ट्रीय टपालात पाठवणारा देश पोचवणाऱ्या देशाला ठरलेली रक्कम देतो. जागतिक टपाल संघटनेच्या जुन्या दरांत विकसनशील देशांना सवलत होती आणि चीन त्यात मोडत होता. त्यामुळे दोन किलोपर्यंतची पाकिटं पोचवण्याचा तोटा घेणाऱ्या देशाचं टपाल खातं सोसायचं. यावरून अमेरिकेने २०१८ मध्ये संघटनेतून बाहेर पडण्याची नोटीस दिली. सप्टेंबर २०१९ मध्ये जिनिव्हात तडजोड झाली आणि अशा पाकिटांचे दर देशांनी स्वतः जाहीर करायची मुभा मिळाली. आपल्याकडे तर नोव्हेंबर २०२० मध्ये अलीएक्स्प्रेस या चिनी ऑनलाइन दुकानावर बंदीच आली. त्या काळातल्या ‘फ्री शिपिंग’शी आजच्या ब्रिटिश दुकानाची तुलना करण्यात अर्थ नाही.

‘गिफ्ट लिहा, कस्टम लागत नाही’

हा सल्ला शिळा आहे आणि सगळ्यात महागात पडणारा हाच. १२ डिसेंबर २०१९ च्या डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) अधिसूचनेने पोस्टाने किंवा कुरिअरने ‘भेटवस्तू’ म्हणून माल करमाफ सोडवून घेणं बंद झालं. अपवाद दोनच : जीवरक्षक औषधं आणि राखी. राखीबरोबरची मिठाई किंवा भेटवस्तूही त्यात नाही. ऑनलाइन विकत घेतलेल्या मालावर ‘गिफ्ट’ लिहिलं की तो करमुक्त होत नाही, पूर्ण कर भरूनच सुटतो. दुकानदाराला वर्णन नीट लिहायला सांगा. नुसतं ‘पार्ट्स’ नको. ‘छंदासाठी मॉडेल वाफेच्या इंजिनाचे पितळी भाग, नग ६’ असं, किमतीसह. नुसतं ‘सिलिंडर’ लिहिलं तर तपासणाऱ्याच्या डोक्यात गॅसचं नळकांडं येणारच.

‘बिल कमी दाखवा’

कस्टमवाले दुकानाची साइट उघडून किंमत बघू शकतात, आणि बघतातही. खोटी किंमत म्हणजे कस्टम्स कायदा १९६२ च्या कलम १११ खाली माल जप्तीला पात्र आणि कलम ११२ खाली दंड. शिवाय माल हरवला तर भरपाई जाहीर केलेल्या किमतीपुरतीच. तीस पौंडांचा माल पाच पौंडांचा दाखवला असेल तर पाचच मिळतील, आणि दुकानदाराशी भांडायला तोंड राहणार नाही.

त्यापेक्षा कर बरोबर लावलाय का ते बघा, कायदेशीर पैसे तिथे वाचतात. कर वस्तूची किंमत, भाडं आणि विमा यांच्या बेरजेवर लागतो. पण २००७ च्या मूल्यांकन नियमांतल्या नियम १० नुसार माल विमानाने आला असेल तर भाडं वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही. विम्याचा आकडा माहीत नसेल तर तो १.१२५ टक्के.

समजा वस्तू २,००० रुपयांची आणि शिपिंग ३,०००. भाडं धरायचं ४००, विमा २२.५०, म्हणजे करपात्र किंमत २,४२२.५०. दर बजेटमध्ये बदलत असतात, म्हणून केवळ उदाहरणादाखल बेसिक ड्युटी १० टक्के, त्या ड्युटीच्या १० टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज आणि या सगळ्या बेरजेवर आयजीएसटी १८ टक्के धरू. कर होतो साधारण ७५० रुपये. पूर्ण तीन हजार भाडं धरून काढलं तर हाच आकडा साडेपंधराशेच्या वर जातो. कुरिअरकडून बिल ऑफ एन्ट्रीची, म्हणजे कर आकारणीच्या कस्टमच्या कागदाची, प्रत मागा आणि भाड्याच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. जास्त धरलं असेल तर पैसे भरण्याआधीच लेखी कळवा. नंतर परतावा मागत बसणं जिकिरीचं असतं.

कुरिअर कंपनी कर आपल्या वतीने आधी भरते आणि त्याबद्दल वेगळं शुल्क लावते, त्यावर पुन्हा जीएसटी. हे शुल्क कस्टमचं नाही. छोट्या ऑर्डरवर ते कधीकधी खुद्द कराच्या बरोबरीला येतं. मागवण्याआधी त्या कंपनीच्या दरपत्रकात बघून ठेवा. कार्डाचं मार्कअपही धरा, बहुतेक कार्डांवर २ ते ३.५ टक्के असतं.

‘पोस्टानेच मागवा’

छोट्या, दाट वस्तूंना पोस्टच बरं, यात वाद नाही. स्मॉल पॅकेटला व्हॉल्युमेट्रिक भानगड नसते, काट्यावरचं वजन चालतं. मर्यादा २ किलो. लांबी, रुंदी, उंचीची बेरीज ९० सेंमीच्या आत आणि कुठलीही एक बाजू ६० सेंमीच्या आत. गुंडाळी असेल, म्हणजे ड्रॉइंगची नळी वगैरे, तर लांबी अधिक दोन व्यास मिळून १०४ सेंमी आणि लांबी ९० च्या आत. यापेक्षा मोठं झालं की ते पार्सल, आणि त्याचा दर वेगळा.

पण पोस्टालाही कस्टम चुकत नाही. माल मुंबई, चेन्नई, दिल्लीसारख्या परदेशी टपाल कार्यालयात तपासला जातो. कागद कमी पडले तर पत्र येतं : बिल, पैसे भरल्याचा पुरावा, ओळखपत्र. उत्तर दिलं नाही तर माल परत जातो. ट्रॅकिंग नसलेलं स्वस्त पाकीट घेतलं तर तो कुठे अडकलाय हेही कळत नाही, तेव्हा दोन-तीनशे रुपये जास्त गेले तरी ट्रॅकिंगवालंच घ्या. २०२१ पासून मालाची माहिती इलेक्ट्रॉनिक पद्धतीने आधी पाठवावी लागते. हाताने फॉर्म भरून पोस्टात टाकणाऱ्या विक्रेत्यांचं पाकीट तिकडेच थांबायचं कारण बहुधा हेच.

सुट्या लिथियम बॅटऱ्या मागवूच नका. एप्रिल २०१६ पासून त्या प्रवासी विमानाच्या मालात चालत नाहीत. ट्रान्समीटर किंवा किट ‘बॅटरीशिवाय’ मागवा आणि बॅटरी इकडे घ्या. अख्खा ड्रोन तर फेब्रुवारी २०२२ पासून आयातीला बंदच आहे, सुटे भाग चालतात.

‘पत्ता कोल्हापूरचा द्या’

परदेशातून येताना भारत बहुधा एकच झोन असतो. लंडन ते कोल्हापूर आणि लंडन ते बेळगाव यात मूळ दर तोच. फरक पडतो तो दुर्गम भागाच्या अधिभाराने, आणि तो पिनवर ठरतो. बेळगाव शहराच्या ५९०००१ ला काय लागतं आणि खानापूरच्या ५९१३०२ ला काय, ते कुरिअरच्या साइटवर तपासा. खानापूरला अधिभार दिसला तर बेळगावातल्या टिळकवाडी-शहापूरच्या नातेवाइकाचा पत्ता पुरतो, त्यासाठी कागल ओलांडायची गरज नाही. उलट केवायसीला (ओळख पटवायला) बेळगावचं आधार आणि डिलिव्हरी कोल्हापुरात, असं असलं की पत्त्याचा आणखी पुरावा मागितला जाऊ शकतो.

आणि एक, रागावू नका : राज्याच्या रकान्यात कर्नाटकच लिहा. मन काहीही म्हणो, ५९ ने सुरू होणाऱ्या पिनपुढे महाराष्ट्र लिहिलं की संगणक गोंधळतो आणि भुर्दंड आपल्याला. बेळगाव लिहा किंवा बेळगावी, पिन बरोबर असला की पुरे.

‘दहा जणांनी मिळून मागवा’

हिशेब बरोबर आहे, दहा आकडा चूक. समजा पहिल्या अर्ध्या किलोला २,४०० आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला ४०० दर आहे. पाच जणांचा माल मिळून दीड किलो झाला तर एकूण ३,२००, माणशी ६४०. पण केवायसी एकाच्याच नावावर होते आणि जबाबदारीही त्याचीच. त्यात दहा एकसारखी पेनं दिसली की ‘वैयक्तिक वापर’ कसा, हा प्रश्न येतो. व्यापारी आयात ठरली तर आयात-निर्यात कोड मागतात, जो छंदवाल्याकडे नसतो. तीन-चार जण, वेगवेगळ्या वस्तू, एकेक-दोनदोन नग, इथपर्यंत ठीक. पैसे आधी गोळा करा आणि कराची वाटणी वजनावर नको, किमतीवर करा.

‘आपल्याकडे काहीच मिळत नाही’

हे निदान बेळगावात तरी कोणी म्हणू नये. उद्यमबागेत फाउंड्र्या (ओतकामाचे कारखाने) आणि मशीन शॉप रांगेने असताना ब्रिटनहून बिडाची कास्टिंग विमानाने आणणं म्हणजे उलटा व्यापार. वजनदार ते इथे करा, ड्रॉइंग तिकडून घ्या. बरीच डिजिटल मिळतात, शिपिंग शून्य.

अडचण अशी की मोठी फाउंड्री मुठीएवढ्या कास्टिंगसाठी लाइन थांबवत नाही. हाताने मोल्डिंग करणारी, सुटी कामं घेणारी जॉबिंग फाउंड्री गाठा, पॅटर्न (वाळूत साचा उठवायचा नमुना) स्वतःचा न्या आणि दुसऱ्या जॉबच्या मोल्डिंग बॉक्सच्या कोपऱ्यात बसवायला सांगा. पॅटर्नवर बिडाला १ टक्का आकुंचन धरा, अ‍ॅल्युमिनियमला १.३, गनमेटलला १.५. ७५ मिमीचं फ्लायव्हील हवं असेल तर दोन्ही बाजूंना २ मिमी मशीनिंगला, म्हणजे ७९, त्यावर १ टक्का. पॅटर्न ८० चा करा. उभ्या बाजूंना एक ते दोन अंश ढाळ द्या, नाहीतर पॅटर्न काढताना वाळू ढासळते. ८ मिमीच्या भोकाला कोअर (भोक ठेवायला साच्यात बसवायचा वाळूचा तुकडा) नको, भरीव ओता आणि लेथवर ड्रिल मारा. आरे ५ मिमीपेक्षा बारीक ठेवले तर बीड लवकर गार होऊन पांढरं पडतं आणि टूल लागत नाही. तसे बारीक भाग ओतण्यापेक्षा पट्टीतून कापलेले बरे.

ब्रिटिश ड्रॉइंगवर बीए, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचे आटे असतात. ६ बीए म्हणजे २.८ मिमी, पिच ०.५३. त्याजागी एम३ (३ मिमीचा मेट्रिक आटा) चालतो, २.५ चं ड्रिल, टॅप उद्यमबागेतल्या कुठल्याही टूलच्या दुकानात मिळेल. एम३ चा नट मात्र ५.५ मिमीचा, छोट्या इंजिनावर बोजड दिसतो. दिसण्याचा आग्रह असेल तर ६ बीएचे नट आणि एक टॅप तेवढे ब्रिटनहून मागवा. पन्नास नटांचं वजनही किरकोळ, ट्रॅकिंगच्या लहान पाकिटात सहज बसतं.