'पर्यटका'चं उत्तर : आमुनचा कौल कोण लावत होतं?

प्राचीन इजिप्तमध्ये आमुन या देवाचे पुजारी राजाला डोईजड झाले, असं मी गेल्या आठवड्यातल्या 'आमुनचे पुजारी' या लेखात म्हटलं होतं. त्यावर 'नाईलकाठ' या टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी इथे देतो : "राजा विरुद्ध पुजारी ही गोष्ट शिळी झाली. इजिप्तमधलं देऊळ हे राजाचंच एक खातं होतं. हेरीहोर [आमुनचा मुख्य पुजारी] सेनापतीही होता. पानेहसीची [न्यूबियाचा इजिप्शियन सुभेदार] यादवी आणि धान्याची महागाई लेखात कुठेच नाही. फोटोखालची ओळही चुकीची. पाच दिवस लक्सर फिरून आलेल्या पर्यटकाकडून आणखी काय अपेक्षा ठेवणार?"

नमस्कार नाईलकाठ.

आधी फोटोचं. तो कर्नाकच्या आमुनच्या देवळाचा नाही, मेदिनेत हाबूच्या देवळाचा आहे. चूक माझी, ओळ बदलली आहे. चूक दिसली की मी मान्य करतो, हे या ब्लॉगचे जुने वाचक सांगतील.

आता 'पर्यटक'. पाच नव्हे, सहा दिवस होतो. त्यातले दोन दिवस फक्त कर्नाकमध्ये, उन्हात, वही घेऊन. शिवाय जागेवर जाणं हा गुन्हा कधीपासून झाला? मतभेद असावेत, जरूर असावेत. पण 'शिळी' हा शब्द इतिहासाबद्दल बोलताना वापरायचा की कालच्या भाकरीबद्दल, एवढं तारतम्य असावं.

तुमच्या सगळ्या मजकुरात उत्तर देण्याजोगं वाक्य एकच : देऊळ म्हणजे राजाचं खातं. ऐकायला झकास. देवळांच्या भिंतींवर देवाला नैवेद्य दाखवताना राजाच दिसतो, पुजारी नाही, हेही खरं. कागदोपत्री पूजा राजाचीच. पण देशभरातल्या देवळांत रोज पहाटे गाभाऱ्याचं दार उघडायला राजा जात नव्हता. मूर्तीला वस्त्र नेसवणारे, पुढ्यातलं अन्न उचलून आधी इतर देवांना आणि मग आपापसांत वाटून घेणारे हात पुजाऱ्यांचे होते.

तिसऱ्या रामसेस राजाच्या काळाचा हिशेब सांगणारा सुमारे ४२ मीटर लांबीचा पपायरस (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाची गुंडाळी) ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. थीब्जच्या (म्हणजे आजच्या लक्सरच्या) आमुनच्या नावावर त्यात ८६,४८६ माणसं, ४,२१,३६२ जनावरं आणि ८३ जहाजं मांडली आहेत. तुम्ही म्हणाल, ही राजाच्याच औदार्याची जंत्री. असेल. पण इनाम एकदा देवाच्या नावावर चढलं की ते राखणारी माणसं तयार होतात, आणि त्यांना मुलं होतात. रामसेसनख्त चौथ्या रामसेसच्या काळात आमुनचा मुख्य पुजारी झाला. सिंहासनावरचे राजे बदलत गेले, हा नवव्या रामसेसच्या काळापर्यंत जागेवर. त्याचा बाप करवसुलीतला बडा अधिकारी. एक मुलगा आमुनच्या जमिनींचा कारभारी. पुढे मुख्य पुजारीपदही मुलांकडेच गेलं. त्यातल्या आमेनहोतेपने कर्नाकच्या भिंतीवर स्वतःला राजाच्या बरोबरीच्या आकारात कोरून घेतलं. एरवी राजाशेजारी माणूस गुडघ्याएवढा काढायची रीत! त्या चित्रात राजा त्याला बक्षीस देतोय, असं तुम्ही लगेच म्हणाल. देऊ दे. उंची बघा.

खात्यात बदली होते, साहेब. इथे वतन चालू होतं.

आणि कौलाचं काय? आमुनची मूर्ती ठेवलेली होडी पुजाऱ्यांच्या खांद्यावर निघायची. प्रश्न विचारला की ती पुढे सरकली तर होकार, मागे हटली तर नकार. दुसऱ्या रामसेसने राज्यावर येताच मुख्य पुजारी नेमताना दरबारी, सेनानी, पुजारी अशी सगळ्यांची नावं देवापुढे ठेवली, आणि देवाला पसंत पडला तो एकटा नेबवेनेनेफ. त्याच्याच थडग्यात हे कोरलंय. म्हणजे राजाला हवा तोच माणूस देवाने निवडला, हा तुमचा मुद्दा झाला ना? थांबा.

माझे आजोबा कोकणातल्या एका देवळाचे गुरव. मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. मी त्यांच्या मांडीशी बसून ते पाहिलंय. कुठली पाकळी किती ओली करायची हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. गावच्या खोताला बहुतेक वेळा हवा तोच कौल मिळे, पण त्यासाठी खोताला पायऱ्या चढून आजोबांपुढे उभं राहावं लागे. एकदा खोताने आदल्या रात्री वर चढवून बोलल्याचं निमित्त झालं. दुसऱ्या दिवशी पाकळी पडेचना, दुपार झाली तरी. खोत उपाशी उभा. आता खोताच्या जागी राजा ठेवून बघा. हे पुस्तकातून कळत नाही, आणि तुमच्यासारख्यांना कळावं असा माझा आग्रहही नाही.

तिसऱ्या रामसेसच्या २९व्या वर्षी राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांना धान्य मिळालं नाही. ते काम टाकून देवळांच्या मागे जाऊन बसले. देऊळ राजाचं खातं होतं ना? मग राजाला आपल्याच माणसांचं धान्य का देता येईना?

हेरीहोर सेनापतीही होता, हे मी नाकारलेलं नाही. लिहिलं नाही, इतकंच. मात्र राजाचं नाव ज्या लंबगोल चौकटीत, म्हणजे कार्तूशमध्ये, कोरतात त्यात त्याने 'आमुनचा मुख्य पुजारी' ही पदवी घातली, सेनापतीची नव्हे. पानेहसी आणि महागाई यांना त्या लेखात जागा नव्हती. ब्लॉग आहे, विश्वकोश नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही. दोघा-तिघांनी काढा म्हणून सुचवलं होतं.