साधं गेज आणि रोटरी इंजिन

१२ए किंवा १३बी या दोन रोटरच्या रोटरी इंजिनची जुनी माझदा कार घेताना ‘कॉम्प्रेशन गेज (इंजिनातला दाब मोजायचं मीटर) लावा, ९० पीएसआयच्या वर आकडा आला की इंजिन ठणठणीत’ असं एका लेखात लिहिलंय. इथंच माणूस फसतो. साधं गेज दाबाचा सगळ्यात मोठा फटका धरून ठेवतं. पिस्टनच्या जागी फिरणाऱ्या तिकोनी रोटरला बाजू तीन, आणि प्रत्येक बाजूचा आपला कप्पा. एक अपेक्स सील (रोटरच्या टोकावरची दाब अडवणारी पट्टी) तुटलं की त्याच्या दोन्हीकडचे कप्पे बसतात, तिसरा शाबूत राहतो, आणि गेज बिचारं त्या तिसऱ्याचाच आकडा दाखवतं! म्हणून आकडा धरून ठेवणारा गेजचा व्हॉल्व्ह दाबून धरा किंवा काढून टाका. इंजिन गरम हवं, इग्निशन आणि पेट्रोल बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, एकच प्लग काढा आणि स्टार्टर मारा. काटा ठक-ठक-ठक असा तीनदा सारखाच उडाला पाहिजे. दोन फटके मेलेले असतील तर अपेक्स सील, एकच असेल तर बहुधा साइड सील (रोटरच्या सपाट अंगावरची पट्टी). दोन्ही रोटर तपासा. बॅटरी मात्र दमदार हवी, २५० आरपीएमच्या खाली फिरलं तर चांगलं इंजिनही आजारी वाटतं.

आपल्या जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात दुसरी भीती कूलंट सीलची, म्हणजे इंजिनातलं थंड करायचं पाणी अडवणाऱ्या रबराची. बाजूच्या प्लेटा बीडच्या (ओतीव लोखंडाच्या), रोटरभोवतीचं हाउसिंग ॲल्युमिनियमचं; तापल्यावर दोन्ही सारखे फुगत नाहीत. एकदा जास्त तापलं की मधलं रबर गेलंच. हे कॉम्प्रेशनमध्ये सापडेलच असं नाही. थंड इंजिन सुरू करताच पांढरा धूर आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसतात का, ते बघा. बोअरचं खारं पाणी तर रेडिएटरमध्ये चुकूनही ओतू नका.