बाकाला बोल्ट का मारला नाही

नाखवा, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया मी आधी स्वतः वाचली आणि मग बाबांना मोठ्याने वाचून दाखवली. मूळ लेख ज्यांच्या नजरेतून सुटला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दिवाळ्याच्या धक्क्यावर असलेल्या आमच्या १८ फुटी फायबरच्या होडीत मी तीन काढता-घालता येणारी बाकं केली आणि त्याबद्दल लिहिलं. त्यावर उरणच्या या नाखवांचं (होडी चालवणाऱ्या जाणत्या कोळ्याचं) म्हणणं असं: पट्ट्याने बांधलेलं बाक म्हणजे जुगाड, बोल्ट मारून पक्कं करायला हवं होतं, माणसं उंचावर बसवली की होडी डचमळते, नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, कुणालाही बसवू नये, आणि मासेमारीची होडी अशी सजवतोय म्हणजे पुढे पर्यटक फिरवायचा धंदा करणार.

आधी तुमचं बरोबर काय ते लिहितो, कारण ते महत्त्वाचं आहे. ‘आता सहा जण आरामात बसतात’ असं मी लेखात लिहिलं होतं. ते वाक्य मी काल काढून टाकलं. बाक घातल्याने बसायला जागा झाली, पण होडी पेलते तेवढंच पेलणार. कुणी ते वाक्य वाचून स्वतःच्या होडीत सहा जण घातले असते तर त्याला मी जबाबदार असतो. आमच्या होडीत चौघंच, आणि चौघांनाही लाइफ जॅकेट. बाकावरची उशी पाण्यावर तरंगते, पण तिला लाइफ जॅकेट समजू नका.

उंचीचंही तुम्ही नेमकं पकडलंत. पहिलं बाक मी पाय लावून केलं होतं, होडीतल्या आडव्या फळीपेक्षा २५ सेंटिमीटर उंच. तुमची प्रतिक्रिया आल्यावर हिशोब मांडून बघितला. होडी, मशीन, डिझेल, जाळं आणि चार माणसं धरून सगळं मिळून ८०० किलो धरा. त्यात माणसांचे २६० किलो. हे २६० किलो २५ सेंटिमीटर वर चढवले की अख्ख्या होडीचा गुरुत्वमध्य आठ सेंटिमीटर वर येतो. एवढ्या लहान होडीला आठ सेंटिमीटर पुष्कळ झाले. ते पाय कापले. आता बाकाची फळी थेट दोन आडव्या फळ्यांवर टेकते. १८ मिलिमीटरचा प्लाय आणि वर उशी, म्हणजे जुन्या बैठकीपेक्षा जेमतेम पाच सेंटिमीटर उंच.

एवढ्यावर समाधान झालं नाही म्हणून गेल्या रविवारी भरतीला होडी धक्क्याला बांधली आणि वीस लिटरचे पाण्याने भरलेले तेरा कॅन आत ठेवले, चार माणसांच्या वजनाचे. बाहेरून पाण्याच्या रेषेवर आधीच खडूने खूण केली होती. कॅन सगळीकडे सारखे पसरून ठेवले तेव्हा होडी जवळपास पाच सेंटिमीटर बसली. मग तेच कॅन एकेक करून एका बाजूला सरकवले. त्या बाजूचा काठ वीतभर खाली गेला. मी धक्क्यावर उभा राहून बघत होतो, पोटात गोळा आला. कॅन तळाला होते; माणसं त्याहून उंच बसतात आणि ‘ते बघ, ते बघ’ म्हणत सगळी एकाच वेळी एका काठाला झुकतात. म्हणून बाकं मधोमध, होडीच्या लांबीच्या दिशेने, आणि ३५ सेंटिमीटरच रुंद. काठाला टेकून बसायची सोयच ठेवली नाही.

आता बोल्टबद्दल. इथे मात्र मी तुमच्याशी सहमत नाही, आणि यामागे आळस नाही.

ही होडी आधी मासेमारीची आहे. बाबा अजूनही पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, टाकतात. पाग टाकणारा उभा असतो, अंगाला पीळ देऊन जाळं भिरकावतो, त्याला पायाखाली मोकळा तळ लागतो. आणि पागेच्या कडेला शिशाच्या गोळ्या असतात. बोल्टचं एक डोकं वर आलेलं असेल तरी जाळं तिथे अडकतं; भिरकावताना अडकलं तर जाळं फाटतं, नाहीतर माणूसच पाण्यात ओढला जातो. बाबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “मी बसन, पन पाग टाकताना ही फली नको.”

दुसरं, भोक पाडायचं कुठे? तळाला पाडलं तर फायबरच्या थरांत पाणी मुरतं आणि आतलं लाकूड कुजायला लागतं, वरून काही दिसत नाही. आडव्या फळीला पाडावं तर ती फळी नुसती बसायला नसते, होडीच्या दोन्ही बाजू तिनेच ताणून धरलेल्या असतात. तिला मी भोकं पाडणार नाही.

त्याऐवजी असं केलंय. फळीच्या खालच्या अंगाला लाकडी ठोकळे आहेत, ते आडव्या फळीच्या पुढून आणि मागून बसतात, त्यामुळे बाक पुढेमागे सरकत नाही. पट्ट्याचं काम फक्त ते वर उचललं जाऊ नये एवढंच. पाठ टेकणारा माणूस मागे रेलला की पुढची कड उचलते, तो ताण पट्ट्यावर येतो. मी आधी नायलॉनचा पट्टा वापरला होता. तो भिजला की सैल पडतो, हे तुम्ही लिहिलंत आणि ते खरं निघालं. आता पॉलिएस्टरचा आहे, साध्या दाबाच्या बकलचा. दात्यांचं रॅचेट मुद्दाम टाळलं, खाऱ्या हवेत ते गंजून अडकतं आणि घाईच्या वेळी सुटत नाही. प्लाय आयएस ७१० मानकाचा मरिन, म्हणजे पाण्यात टिकणारा, कडांना इपॉक्सी, बिजागऱ्या ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसच्या. बकलवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवलाय, जाळं अडकू नये म्हणून. बाकं काढायला मला चार मिनिटं लागतात.

आणि काढावी लागतातच. आमच्याकडे ओहोटीला होडी चिखलात कलून बसते, आत सुटं काही ठेवलं तर एका कोपऱ्यात जाऊन पडतं. बाक खांद्यावर घेऊन धक्क्यापर्यंत यायचं, म्हणून प्रत्येकाचं वजन नऊ किलोच्या आत ठेवलं.

धंद्याचा आरोप मनाला लागला. पैसे घेऊन माणसं न्यायची तर महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना लागतो, तपासणी लागते, आणि ते योग्यच आहे. कुणी फ्लेमिंगो दाखवायला नेशील का विचारलं तर मी ऐरोलीला वनखात्याच्या केंद्रात पाठवतो, तिथून बोटी सुटतात. आमची बाकं बाबांसाठी आहेत. गुडघे गेलेत, आडव्या फळीवर पाठीला टेकू नसताना दोन तास बसवत नाही आणि घरी बसून राहणं त्यांना जमत नाही. म्हणून १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत हे काम केलं, ऑगस्टात ते पुन्हा खाडीत आले.

नाळेवरच्या बाकाबद्दल तुमचं ऐकलं. लाट आली की पुढचा भाग आधी उचलतो आणि आपटतो, तिथला माणूस टिकत नाही. ते बाक आता होडीत जात नाही, घराच्या ओट्यावर आहे. संध्याकाळी बाबा त्यावर बसून जाळं विणतात.