पाण्यात उभी पऱ्हाटी माना का टाकते? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की खोडातून पाणी वर चढवायला झाडाला स्वतःची ताकद खर्चावी लागत नाही, पानांतून वाफ होऊन जाणारं पाणीच खालचं पाणी ओढून घेतं. त्यावर तुमचे आक्षेप तीन. विहिरीवरची मोटर पंचवीस फुटांखालचं पाणी ओढत नाही, मग पान साठ फुटी सागवानात ते कसं ओढणार? जगदीशचंद्र बोस म्हणाले होते की जिवंत पेशी पाणी वर चढवतात, ते मी का गाळलं? आणि पाणी असं फुकटात चढत असेल, तर झडीनंतर पाण्यात उभी असलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माना का टाकते?

बोसांचं आधी. १९२३ च्या पुस्तकात त्यांनी ते मांडलं, खरं आहे. पण त्याआधीच जर्मनीत स्ट्रासबुर्गर यांनी उंच झाडं बुडाशी कापून विषारी द्रावणात उभी केली होती. विषानं खोडातल्या पेशी मेल्या, तरी पानं जिवंत असेतो द्रावण वर चढतच राहिलं. बोसांबद्दल आदर मलाही आहे, पण या बाबतीत झाडानं त्यांची बाजू घेतली नाही.

मोटरचा मुद्दा जास्त चांगला आहे. मोटर पाणी ओढते असं आपण म्हणतो, पण पाणी वर ढकलतो तो बाहेरच्या हवेचा दाब. म्हणून १०.३ मीटर ही त्याची हद्द, आणि प्रत्यक्षात त्याहून कमीच. झाडाच्या लाकडातल्या नळ्या केसासारख्या बारीक आणि सुरुवातीपासून पाण्यानं भरलेल्या असतात. पाण्याचे रेणू एकमेकांना आणि नळीच्या भिंतीला घट्ट धरून असतात, त्यामुळे तो सगळा स्तंभ ताणला जातो, तुटत नाही. डिक्सन आणि जोली यांनी १८९४ मध्ये हे मांडलं. १९६५ मध्ये शोलँडर यांनी उंच झाडांच्या शेंड्यावरच्या फांद्या चक्क बंदुकीनं पाडून त्यांतला ताण मोजला, आणि वरच्या फांद्यांत तो खालच्यांपेक्षा जास्त निघाला. नळी कधीकधी हवा धरतेच, तुमच्या मोटरसारखी. मग पाणी बाजूच्या नळीतून वाट काढतं.

आता पऱ्हाटी. फुकटात चढतं ते खोडातलं पाणी. खोडापर्यंत पोचायला त्याला मुळातून जावं लागतं, आणि मूळ जिवंत आहे. मुळाच्या आत पेशींचा एक थर असतो, त्यांच्या भिंतींत मेणचट पट्टा. तिथे पाण्याला फटीफटीतून घुसता येत नाही, पेशीच्या पडद्यातूनच जावं लागतं. त्या पडद्यात पाण्याची सूक्ष्म दारं असतात, ॲक्वापोरिन नावाची. ती शोधल्याबद्दल पीटर ॲग्री यांना २००३ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपावर दिसून आलं की ऑक्सिजन संपला की मुळाच्या पेशी आतून आंबट होतात आणि ही दारं मिटतात.

काळ्या मातीत पाणी साचलं की नेमकं हेच होतं. मातीतली हवा निघून जाते, आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानानं सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. मुळाचा श्वास कोंडतो. वर ऊन कडक पडतं, पानं ओढतच राहतात, खाली दारं बंद. झाड पाण्यात उभं राहून तहानेनं सुकतं. नत्र, पालाश आत घ्यायला तर मुळाला ऊर्जा खर्चावीच लागते, म्हणून तुंबलेल्या वावरात युरिया फेकणं म्हणजे पैसे पाण्यात.

तुम्ही लिहिलंत की बोंडांनी लदलेली, चांगली झाडंच आधी गेली. मला वाटतं, ते साखरेमुळे. पानांत तयार झालेली साखर सालीच्या आतल्या नळ्यांतून, तासाला साधारण मीटरभर वेगानं जाते. साखर जिथे भरली जाते तिथे पाणी शिरून दाब वाढतो, आणि जिथे ती खर्च होते तिकडे रस वाहतो. म्युंख यांनी हे १९३० मध्ये सांगितलं. भरलेली बोंडं ही साखर आधी खेचतात, मुळाच्या वाट्याला उरलीसुरली. त्यात हवेवाचून मुळाला तेवढ्याच साखरेतून फारच थोडी ऊर्जा मिळते. अशा झाडाला आकस्मिक मर, म्हणजे हे अचानक सुकणं, आधी गाठणारच.

मुळाशी बुरशीनाशक ओतल्यावर, म्हणजे आळवणीनं, झाडं उठली, म्हणजे बुरशीच होती, हा तुमचा निष्कर्ष मात्र मला पटत नाही. तुम्ही त्याच दिवशी चर काढून पाणी धुऱ्याबाहेर काढलं होतं, हेही तुम्हीच लिहिलंय. पुढच्या वेळी वापसा यायची, म्हणजे माती सुकून कामाजोगी व्हायची, वाट न बघता एक सुकलेलं झाड उपटा आणि खोड उभं चिरा. आतलं लाकूड स्वच्छ असेल तर चर काढणं हाच पहिला उपाय. तपकिरी रेघा दिसल्या तर ती बुरशीची मर, आणि मग मी वर लिहिलेलं त्या झाडाला लागू नाही.