खाचेत बसली म्हणून रॅम चालत नाही

‘जुना पीसी टाकू नका. डीडीआर३ लिहिलेली कुठलीही ८ जीबीची रॅम घ्या. जास्त मेगाहर्ट्झ म्हणजे जास्त वेग. दोन रॅम एकाच कंपनीच्या हव्यात, नाहीतर बोर्ड जळतो. चालली नाही तर खोडरबराने घासा.’ वेंगुर्ल्यातल्या सगळ्या ग्रुपांवर सध्या हा मजकूर फिरतोय. गणपतीला येणारे चाकरमानी तो वाचून मुंबईहून रॅम आणतात आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात हजर. “खाचेत बसता ना, मग चालूक काय झाला?”

रॅमची पट्टी खाचेत बसते यावरून फक्त तिची पिढी, म्हणजे डीडीआर२ की डीडीआर३, एवढंच कळते. डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींना पिना २४०च, पण पट्टीवरचा काप वेगळ्या जागी, म्हणून अदलाबदल होत नाही. पुढचं सगळं मेमरी कंट्रोलरच्या, म्हणजे रॅमशी देवाणघेवाण सांभाळणाऱ्या भागाच्या हातात. इंटेलच्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरच्या काळात तो बोर्डावरच्या चिपसेटमध्ये, म्हणजे बोर्डाचे भाग जोडणाऱ्या मुख्य चिपांमध्ये असायचा. आय३, आय५ आले तेव्हा प्रोसेसरमध्ये गेला.

माझ्याकडे दुरुस्तीला त्याच काळातल्या जी४१ चिपसेटचे बोर्ड अजून येतात. हा चिपसेट दोन गिगाबिटपर्यंतचीच (म्हणजे पाव जीबीची) मेमरी चिप ओळखतो. त्यामुळे त्यावरच्या ४ जीबीच्या पट्टीला दोन्ही बाजू मिळून १६ चिपा लागतात. आठच चिपांची ४ जीबीची पट्टी दिसायला नवीकोरी, दुसऱ्या मशीनवर उत्तम चालणारी, पण इथे सहसा पडदा काळाच राहतो. ८ जीबीच्या एका पट्टीचं तर नावच काढू नका. ४-४च्या दोन घाला, तीच याची कमाल मर्यादा. तेव्हा पैसे देण्याआधी पट्टी उलटसुलट करून चिपा मोजा. दुकानदार हसला तर हसू दे.

लॅपटॉपची गोष्ट आणखी वेगळी. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या बऱ्याच लॅपटॉपांना १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते. साधी १.५ व्होल्टची पट्टी त्याच खाचेत सुरेख बसते, लॅपटॉप मात्र सुरू होत नाही.

मेगाहर्ट्झचं म्हणाल तर जी४१वर १६००ची घाला, ती १०६६नेच धावणार. जास्तीचे पैसे पाण्यात.

वेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्यांमुळे बोर्ड जळलेला मी एकदाही पाहिलेला नाही. मंद पट्टीच्या वेगाने दोन्ही चालतात. नाहीच जुळल्या तर मशीन अडकतं, एक काढली की पूर्ववत.

खोडरबरात मात्र तथ्य आहे, विशेषतः आपल्याकडे. खारी दमट हवा, त्यात पावसाळाभर बंद पडलेलं मशीन. पिनांवर थर धरतो आणि चांगली रॅमही बीप मारायला लावते. हलक्या हाताने पुसा, भुगा खाचेत पडू देऊ नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर त्याहून बरं. खसाखसा घासलंत तर पिनांवरचा सोन्याचा पातळ मुलामाच जाईल. आणि न जुळणारी रॅम घासून जुळत नाही!

एवढं करून ८ जीबी बसलीच, तरी विंडोज ७ ३२ बिटची (४ जीबीपर्यंतच मोजणारी) असेल तर वापरायला मिळतात सव्वातीन-साडेतीन जीबी. गेल्या आठवड्यात एकाला हेच सांगून नवी पट्टी परत दिली. तो म्हणाला, “मगे ग्रुपार लिवलेला ता?”